भूमिस्वामित्वाची परीक्षा : कुंभार पिंपळगावच्या शिवाराच्या आधारे

जमिनीच्या खरेदीपूर्व परीक्षेत चार संज्ञा आरंभीच पृथक् कराव्या लागतात. (१) स्वामित्व : जमीन उपभोगण्याचा, इतरांस तिच्यापासून दूर ठेवण्याचा आणि ती दुसऱ्यास कायमची देऊन टाकण्याचा हक्क. (२) धारणाधिकार : हा हक्क ज्या अटींवर प्राप्त झाला त्या अटींचा समुच्चय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ हा भेद धारणाधिकाराचा आहे. (३) ताबा : जमिनीवरील प्रत्यक्ष वहिवाट. (४) नोंद : अधिकार अभिलेखात, म्हणजे सातबाऱ्यावर, लिहिलेले नाव व शेरा.

या चारही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी असतील असे गृहीत धरता येत नाही. समजा, एका गटाच्या सातबाऱ्यावर अ चे नाव आहे. ती जमीन अ च्या आजोबांस कूळ म्हणून मिळालेली असून तिच्या विक्रीस सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. स्वामित्वात अ च्या दोन विवाहित बहिणींचाही अंश आहे. आणि बांधाच्या अलीकडची पट्टी शेजारी ब वीस वर्षे कसतो आहे. येथे अ ने सातबारा दाखवला तर तो खोटे काही दाखवत नाही. परंतु सातबाऱ्याने सिद्ध होते त्याहून अधिक खरेदीदार गृहीत धरतो, आणि बहुसंख्य वादांचा उगम या गृहीतकात असतो.

मग नोंदीचे प्रामाण्य किती? संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. हे गृहीतक खंडनीय आहे. फेरफाराने स्वामित्व निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, तो महसूल कोणाकडून घ्यावा एवढ्यापुरता असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सवर्णी विरुद्ध इंदर कौर आणि २००७ च्या सूरज भान या निर्णयांत सांगितले आहे. आपल्याकडे शासन स्वामित्वाची हमी देत नाही. नोंदणी होते ती दस्ताची. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला याचा अर्थ दस्त करणारा मालक होता असा होत नाही.

मग स्वामित्व येते कोठून? मार्ग चार आहेत : नोंदणीकृत दस्त, उत्तराधिकार, न्यायालयाचा हुकूमनामा आणि कायद्याचे प्रत्यक्ष प्रवर्तन. पहिल्या तिन्हींचा शोध महाराष्ट्रात सर्वत्र सारखाच घेतला जातो. मराठवाड्यात चौथ्या मार्गाचे महत्त्व असाधारण आहे, आणि प्रस्तुत विवेचनात कुंभार पिंपळगाव हे स्थळ घेण्याचे कारणही तेच.

हे गाव जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांच्या जांब गावाच्या परिसरात आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. घनसावंगी तालुका त्यानंतरचा. म्हणून जुन्या दस्तात ‘तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद’ असे लिहिलेले आढळल्यास तो दोष नव्हे, दस्ताच्या वयाची खूण होय. त्यामुळे शोध घनसावंगीच्या तहसिलात संपतो असे समजू नये. अंबडचे दप्तर पाहावे लागेल असे धरूनच चालावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. प्रत्येक राजवटीचे भूमिविषयक कायदे एकावर एक साचले. पुण्याच्या वा नाशिकच्या वकिलास मुखोद्गत असलेली कलमे येथे लागू नाहीत. तिकडे मुंबई कुळवहिवाट अधिनियमाचे कलम ४३, तर येथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० चे कलम ५०-ब. तिकडे कलम ६३, तर येथे कलम ४७.

यावरून परीक्षेचे दोन भाग पडतात. एक व्यक्तीची परीक्षा : विकणाऱ्यास विकण्याचा अधिकार आहे काय? दुसरी भूमीची परीक्षा : ही जमीन मुळात विक्रीयोग्य आहे काय? प्रचलित ‘तीस वर्षांचा सर्च’ हा पहिल्या प्रश्नाचा उपाय आहे. तीस वर्षांची मर्यादा निराधार नाही. मुदत अधिनियम, १९६३ मध्ये गहाण सोडवण्याच्या दाव्यास तीस वर्षे, शासनाच्या दाव्यास तीस वर्षे आणि ताब्याच्या सर्वसाधारण दाव्यास बारा वर्षे अशा मुदती आहेत. म्हणून व्यक्तींमधले बहुतेक प्रश्न या कालखंडात मिटलेले असतात. भूमीवरची अट अशी मिटत नाही. १९६० च्या आसपास कुळास मिळालेली जमीन परवानगीवाचून चार वेळा विकली गेली, तर चारही हस्तांतरणे सदोष राहतात आणि पाचवा खरेदीदार तो दोष विकत घेतो. अशा हस्तांतरणांवरील कारवाई अधिकाऱ्याने वाजवी मुदतीत करावी असे न्यायालयांनी म्हटले आहे खरे. परंतु वाजवी मुदत किती, हा प्रत्येक प्रकरणात नवा वाद असतो. मालकाची चौकशी तीस वर्षांत पुरी होऊ शकते, जमिनीची होत नाही. तिच्यासाठी १९५४-५५ पर्यंत मागे जावे लागते.

हे वर्ष यादृच्छिक नाही. १९५४-५५ चे खासरा पत्रक हा मराठवाड्यातील अधिकार अभिलेखाचा मूलाधार होय. त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, पट्टेदाराचे नाव, प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव आणि जमिनीचा प्रकार मिळतो. पट्टेदार आणि कसणारा भिन्न असतील तर तेथेच कुळाचा प्रश्न उद्भवतो. त्याआधीचे निजामकालीन कागद उर्दूत वा मोडीत असतात, आणि त्यांवरील फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवल्यावर इसवी सन येतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि न्या. संदीप शिंदे समितीच्या कामामुळे खासरा पत्रकासह जुनी बाडे तहसिलांतून बाहेर निघाली. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. जातीच्या पुराव्यासाठी जी बाडे उघडली, ती जमिनीच्या खरेदीसाठी मात्र क्वचितच कोणी उघडतो.

खासरा पत्रकापासून निघाल्यावर भूमीचे प्रकार असे दिसतात.

पहिला प्रकार खालसा, म्हणजे थेट शासनास सारा देणारी, खुद्द पट्टेदार कसत असलेली जमीन. तिच्यावर मूलतः बंधन नाही. जहागिरीची गावे १९४९ च्या विनियमाने शासनाकडे आली; त्या गावांतील कसणाऱ्यांच्या हक्कांचे पुढे काय झाले, ते नोंदींतून तपासावे.

दुसरा प्रकार कुळाची जमीन. १९५० च्या अधिनियमाने संरक्षित कूळ हा वर्ग निर्माण केला. कलम ३८ प्रमाणे कुळास खरेदीचा हक्क मिळाला, आणि कलम ३८-ई प्रमाणे अधिसूचित दिनांकास विशिष्ट मर्यादेपर्यंतचे स्वामित्व कायद्यानेच कुळाकडे गेले. दस्त नाही, मुद्रांक नाही, तरी मालक बदलला. अशा जमिनीच्या विक्रीस कलम ५०-ब चे बंधन आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. खरेदीदार शेतकरी असावा, कमाल धारणेची मर्यादा ओलांडू नये, तुकडा पडू नये, या अटी मात्र राहतात. एकरी आकार काही रुपयांचा असल्यामुळे हा नजराणा अत्यल्प असतो. एवढी क्षुल्लक रक्कम भरली नाही म्हणून लाखोंचा व्यवहार अडकावा, ही विसंगती आहेच. परंतु ती न भरण्याचा परिणाम क्षुल्लक नाही. उलट बाजूही पाहावी लागते. मूळ पट्टेदाराचा वारस जमीन विकत असेल आणि खासऱ्यात दुसऱ्याचे नाव कूळ म्हणून असेल, तर त्या कुळाचे नाव कोणत्या फेरफाराने व कोणाच्या आदेशाने कमी झाले, हे कागदावर दिसले पाहिजे. कुळाने हक्क सोडला असे नुसते लिहिलेले असणे अपुरे होय. तहसीलदारापुढील चौकशी व आदेश हवा.

तिसरा प्रकार इनामाची जमीन. १९५४ च्या हैदराबाद इनाम व रोख अनुदान निर्मूलन अधिनियमाने इनामे संपुष्टात आली, पण सगळी एकाच रीतीने नाही. येथे दोन संज्ञा महत्त्वाच्या : मदतमाश, म्हणजे व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेले इनाम, आणि खिदमतमाश, म्हणजे मंदिर, मशीद वा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेले इनाम. दुसऱ्या प्रकारात पुजारी वा मुजावर हा सेवक असतो, मालक नव्हे. म्हणून त्याने विकलेल्या जमिनीत खरेदीदारास काहीही मिळत नाही. मशीद, दर्गा वा कब्रस्तानाची जमीन वक्फ असल्यास १९९५ चा वक्फविषयक अधिनियमही लागू होतो आणि मंडळाची नोंद स्वतंत्रपणे पाहावी लागते. नजराण्याचे दर व नियमानुकूलतेच्या तरतुदी वेळोवेळी बदलल्या आहेत. म्हणून या प्रकारात चालू अधिनियम व शासन निर्णय वाचल्याशिवाय इसार देणे अविचाराचे आहे.

उरलेले प्रकार संक्षेपाने. गायरानातून भूमिहीनांस नियमित करून दिलेली जमीन, १९६१ च्या कमाल धारणा अधिनियमाखाली वाटलेली अतिरिक्त जमीन, भूदानाची जमीन आणि अनुसूचित जमातीच्या खातेदाराची जमीन (संहितेचे कलम ३६-अ) : या सर्वांवर बंधन आहे, पण प्रत्येक बंधनाचा कायदा व परवानगी देणारा अधिकारी वेगळा. ‘वर्ग २ आहे, नजराणा भरला की वर्ग १ होतो’ हे चावडीवरचे विधान यांपैकी काहींनाच लागू पडते. गाव नमुना १-क मध्ये वर्ग २ च्या जमिनी चौदा प्रकारांत नोंदवलेल्या असतात. संबंधित गट कोणत्या प्रकारात आहे, हे तलाठ्याकडून, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, लेखी घ्यावे.

सातबाऱ्यावर शेरा नसेल तर बंधन नाही, असा निष्कर्ष का काढता येत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. हस्तलिखित सातबारा साधारण दहा वर्षांच्या पिकनोंदी भरल्यावर नव्याने लिहिला जाई. त्या पुनर्लेखनात नावे उतरत, इतर हक्कातील ‘५०-ब चे अधीन’ यांसारखा शेरा मात्र कधी हेळसांडीने, कधी हेतुपुरस्सर उतरत नसे. त्यानंतर संगणकीकरण झाले, आणि जे गळाले होते ते गळालेल्या स्थितीतच संगणकावर गेले. शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा अधिकृत आहे. तो आजची स्थिती सांगतो, इतिहास सांगत नाही. म्हणून तहसिलाच्या अभिलेख कक्षातून जुन्या सातबाऱ्यांच्या सर्व पिढ्यांच्या नकला घेऊन, इतर हक्काचे रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. शेरा एका प्रतीत आहे व पुढच्या प्रतीत नाही असे आढळल्यास त्या दोहोंमधला फेरफार शोधावा. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावर आधारलेला फेरफार सापडला तर बंधन विधिवत् उठले. सापडला नाही तर ते उठलेलेच नाही असे धरावे.

भूमी निर्दोष ठरल्यावर व्यक्तीची परीक्षा सुरू होते, आणि तिचे साधन फेरफारांची साखळी हे होय. सातबाऱ्यावरील वर्तुळातला प्रत्येक क्रमांक गाव नमुना ६ मध्ये उघडावा. वारसाचा फेरफार असल्यास प्रश्न एकच : सर्व वारस आले काय? जुन्या नोंदींत ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे आढळतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे नाव लागलेले असते. ते त्याच्या एकट्याच्या मालकीचे गमक नव्हे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता. अज्ञानाची जमीन न्यायालयाच्या परवानगीवाचून विकली असल्यास सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो.

कन्यांचा अंश हा या भागातला सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित कन्यांस सहदायाद केले. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने सर्व कन्यांस तो हक्क दिला. आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे व पिता २००५ मध्ये हयात असण्याची आवश्यकता नसल्याचे ठरवले. अपवाद २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री, वाटणी इत्यादी व्यवहारांचा. ‘बहिणींची नावे लागलेलीच नाहीत’ हे विक्रेत्याचे आश्वासन म्हणजे वस्तुतः धोक्याची सूचना होय. नाव न लागल्याने हक्क जात नाही. बहिणीने हक्क सोडला असल्यास तो नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. तलाठ्यापुढील जबाबाने किंवा साध्या कागदावरील संमतीने नव्हे. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे त्यांना खरेदीखतात लिहून देणार म्हणून सामील करणे. २०२५ च्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेने मृतांची नावे कमी होऊन वारसांची लागली, ही सोय झाली. परंतु कोणता वारस गाळला गेला, हे मोहीम सांगू शकत नाही. त्यासाठी गावातच विचारावे लागते, आणि विचारणारा सहसा खरेदीदार नसतो, त्याचा दलाल असतो.

यानंतर बोजे. सेवा सहकारी सोसायटीचे कर्ज घेताना सभासद जमिनीवर बोजा निर्माण करणारा ‘इकरार’ लिहून देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे कर्ज फिटेपर्यंत त्याविरुद्ध केलेले हस्तांतरण शून्य ठरते. हा इकरार इतर हक्कात बहुधा असतो. तरी सोसायटीच्या गटसचिवाकडून व बँकेकडून बेबाकी दाखला घेणे इष्ट. त्याहून सूक्ष्म दोष सावकारीचा. कर्जाच्या तारणादाखल प्रत्यक्षात खरेदीखतच करून घेण्याची व पैसे फिटल्यावर उलटून देण्याची प्रथा मराठवाड्यात परिचित आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ प्रमाणे पंधरा वर्षांच्या आत अवैध सावकारीतून घेतलेली मिळकत जिल्हा निबंधक मूळ मालकास परत देऊ शकतो. म्हणून विक्रेत्याचे स्वतःचे खरेदीखत अलीकडचे असेल, त्यातील मोबदला बाजारभावाहून फारच कमी असेल आणि ताबा मात्र आधीच्याच मालकाकडे राहिला असेल, तर त्या आधीच्या मालकास भेटल्याशिवाय पुढे जाऊ नये. तीनही लक्षणे एकत्र आली की ती खरेदी क्वचितच खरी असते.

भूसंपादनाचा प्रश्न या परिसरात विशेष आहे. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा घनसावंगी तालुक्यातून जातो, आणि त्याच्या वितरिका व चाऱ्या असंख्य गटांतून काढलेल्या आहेत. संपादित क्षेत्र निवाड्याने शासनाचे झाले. सातबाऱ्यावरून ते कमी होते कमी-जास्त पत्रकाने, म्हणजे कजापने. कजापचा अंमल राहून गेला असेल तर सातबारा पूर्ण क्षेत्र दाखवतो आणि खरेदीदार चारीखालच्या जमिनीचेही पैसे देतो. इतर हक्कात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा असल्यास लाभक्षेत्रातील हस्तांतरणाचे निर्बंध लागू आहेत काय, तेही पाहावे.

कागदावरील क्षेत्र व जमिनीवरील क्षेत्र यांचा मेळ मोजणीने बसतो. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी नाव एका गटास लागले व वहिवाट दुसऱ्यात राहिली. दोन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची जमीन कसत राहतात. विक्री झाली की वाद उभा राहतो. ३ जानेवारी २०२३ च्या सलोखा योजनेत बारा वर्षांहून अधिक काळ असा परस्पर ताबा असल्यास १००० रुपये मुद्रांक व १००० रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदल दस्त करता येतो. तो विक्रेत्याने आधी करावा, खरेदीदाराने नंतर नव्हे. उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडील हद्द कायम मोजणी होऊन ‘क’ प्रत हाती येईपर्यंत चतुःसीमा हे केवळ विधान असते. मोजणीच्या दिवशी खरेदीदाराने स्वतः बांधावर हजर असावे. शेजारी हरकत घेतो की खुणा मान्य करतो, यातून जे कळते ते कोणत्याही उताऱ्यातून कळत नाही. पोटखराबा किती, विहिरीत व बोअरमध्ये हिस्सा किती, आणि रस्ता नकाशावरचा की केवळ शेजाऱ्याच्या मर्जीवरचा, हे त्याच भेटीत ठरवावे.

खरेदीदाराची पात्रता थोडक्यात : हैदराबाद कुळवहिवाट अधिनियमाच्या कलम ४७ मुळे तो शेतकरी असावा लागतो. विभाज्यतेचा नियम अधिक जाचक. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतास २० आर व बागायतास १० आर आहे. शेतीच्या त्याहून लहान तुकड्याचे हस्तांतरण तुकडेबंदी कायद्याविरुद्ध ठरते. बाजाराच्या गावांत रस्त्याकडेच्या शेतातून गुंठ्या-दोन गुंठ्यांचे ‘प्लॉट’ विकले जातात; ते व्यवहार नोंदणीकृत दस्ताने होत नसल्यामुळे ‘बॉण्डवर’ होतात. नोटरीपुढील बॉण्ड, कुलमुखत्यारपत्र व ताबा-पावती यांनी स्वामित्व जात नाही, हे २०११ च्या सूरज लॅम्प निर्णयाने निर्विवाद केले आहे. अशा तुकड्यांस नियमित करण्याचे अधिमूल्य बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आणले गेले; सवलत मिळेल या आशेवर आज बॉण्ड करणे हा त्याचा अर्थ नव्हे. गावठाणातील घरजागेचा विचार वेगळा. तेथे सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, आणि तो कर आकारणीचा कागद आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोन-मोजणी होऊन सनद व मिळकत पत्रिका मिळाली असल्यास तीच पाहावी. नसल्यास मूळ दस्त व दीर्घ वहिवाट यांवरच विसंबावे लागते.

क्रम असा राहावा : खासरा ते आजचा सातबारा, फेरफार, नमुना १-क, सूची क्रमांक दोन (नोंदणीकृत दस्तांची सूची), न्यायालयीन व महसुली दाव्यांचा शोध, मोजणी, जाहीर नोटीस, आणि मग इसार. प्रत्यक्षात इसार प्रथम दिला जातो, कारण ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ असे सांगितले जाते. तसे करणे भागच असेल तर इसारपावती नोंदणीकृत असावी, आणि भूमी वा व्यक्ती सदोष आढळल्यास रक्कम परत मिळण्याचे कलम तीत असावे. वाद प्रलंबित असताना घेतलेली जमीन त्या वादाच्या निकालास बांधील राहते. म्हणून दाव्यांचा शोध इसाराच्या दिवशी व खरेदीखताच्या दिवशी असा दोनदा घ्यावा.

खरेदीखतानंतर फेरफार धरला जातो, हितसंबंधितांस नोटीस जाते व हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आल्यास प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, चढते आणि महसूल अधिकारी सुनावणी घेतो. तो निर्णय नोंदीपुरता असतो. त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अंबडला अपील होते, आणि तेही नोंदीपुरतेच. स्वामित्व कोणाचे, हा प्रश्न उरलाच तर तो दिवाणी न्यायालयात, विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ खालील घोषणेच्या दाव्याने सुटतो. आणि त्या दाव्यात पुरावा म्हणून प्रथम मागवला जातो तो १९५४-५५ चा खासरा.